रिपोर्ट नॉर्मल, मग छाती का धडधडते?

"तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही. उगाच टेन्शन घेऊ नका." छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घशात अडकलेला आवंढा, सकाळी उठल्याउठल्या पोटात ढवळणं अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला ही तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. त्यातलं पहिलं बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं चूक असतं. तिसरं ऐकून कुणाचंही टेन्शन कमी होत नाही. घरी पोचेपर्यंत मात्र तिन्हींचं मिळून एकच वाक्य झालेलं असतं: "काही नाही हो, मनाचे खेळ आहेत." एकदा हा शिक्का बसला की त्या माणसाच्या दुखण्याला घरात किंमत उरत नाही. सासू, नवरा, भाऊ, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना एक उत्तर मिळालेलं असतं, आणि ज्याची छाती धडधडते आहे तो एकटा पडतो.

हे वाक्य बहुतेक वेळा दुष्टपणाने म्हटलं जात नाही. धीर द्यायलाच म्हटलं जातं, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकून आहे. पण ते चुकीचं आहे. चिंता मनात सुरू होत असेल, पण ती मनात थांबत नाही. ती रक्तात उतरते, आतड्यात उतरते, हृदयाच्या स्नायूपर्यंत जाते. ही सांगोवांगीची गोष्ट नाही, प्रयोगशाळेत मोजलेली आहे, आणि ते मोजमाप सुरू होऊन शंभराहून जास्त वर्षं झाली.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला. त्यानंतर दोनच वर्षांत हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन नावाचा तरुण मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खाऊ घालून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांखाली पाहत होता. जठराच्या भिंतीवरून संथ लाटा सरकताना त्याला दिसत. पण मांजर बिथरलं, चिडलं की त्या लाटा थांबत, आणि शांत झालं की पुन्हा सुरू होत. मांजर मनाचे खेळ खेळत होतं असं कुणी म्हणणार नाही. पुढे कॅननने भुंकणाऱ्या कुत्र्याला पाहून घाबरलेल्या मांजराचं रक्त तपासलं आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी भीतीच्या वेळी आपला स्राव रक्तात सोडतात हे दाखवून दिलं. १९१५ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात वेदना, भूक, भीती आणि संताप यांनी शरीरात होणारे बदल एकत्र मांडलेले आहेत. 'लढा किंवा पळा' ही शरीराची तयारी आज शाळेच्या पुस्तकांतही असते, तिची मांडणी कॅननची.

कॅननच्या नोंदींतला सर्वांत बोलका पुरावा मात्र मांजरांचा नाही, हार्वर्डच्या फुटबॉल संघाचा आहे. हंगामातल्या शेवटच्या, सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर पंचवीस खेळाडूंची लघवी तपासली. बारा जणांच्या लघवीत साखर सापडली. धावपळीमुळे ती आली असेल असं कुणीही म्हणेल. पण त्या बारांतले पाच राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते. बाकावर बसून आता आपल्याला बोलावतील, आता बोलावतील म्हणून वाट पाहत राहिले, आणि तेवढ्या धाकधुकीवर त्यांच्या यकृताने साखर रक्तात ओतली, ती लघवीत उतरली. दहावी-बारावीच्या परीक्षा, एमपीएससीचा निकाल, बदलीची यादी, कर्जाच्या हप्त्याची तारीख यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या शरीरात काय चालतं, याचं उत्तर त्या बाकावर आहे. आपल्या घरातल्या मधुमेही माणसाची साखर पथ्य पाळूनही काळजीच्या दिवसांत का चढते, याच्या उत्तराची सुरुवातही तिथेच होते.

माणसाच्या जठरात डोकावण्याची संधी तर त्याआधीच मिळाली होती. १८२२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कायमचं उघडं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून अनेक वर्षं प्रयोग केले आणि १८३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. रुग्णावर केलेले हे प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाहीत. तरीही भीती किंवा राग आला की जठराच्या अस्तराचं रूप आणि पाचकरसाचं प्रमाण बदलतं, हे बोमाँटने डोळ्यांनी पाहिलं होतं. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ यांना असाच एक रुग्ण मिळाला. तो घाबरला की जठराचं अस्तर पांढुरकं पडे आणि आम्ल कमी होई. मनात चीड किंवा काळजी धुमसत असेल तर तेच अस्तर लालबुंद होऊन आम्ल वाढे. ज्या बाईला "अॅसिडिटी तुझ्या डोक्यात आहे" असं सांगितलं जातं, तिच्या जठरात उघड्या डोळ्यांनी दिसेल असं काही घडत असू शकतं.

आता मूळ मुद्दा. एवढं सगळं घडतं तर तपासणीत का दिसत नाही?

कारण तपासणी वेगळंच काही शोधत असते. साध्या ईसीजीत हृदयाची साधारण दहा सेकंदांची नोंद होते. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेल्या तीव्र भीतीचा झटका, बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरू लागतो. रक्तात आलेलं अॅड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं. रात्री दीड वाजता घाम फुटलेला माणूस शेजाऱ्याची गाडी काढून, वॉचमनला उठवून, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर केसपेपर काढून खाटेवर पडेपर्यंत वादळ निघून गेलेलं असतं. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापक मांडायचा आणि पाऊस झालाच नाही म्हणायचं, तसं हे आहे. टूडी इको हृदयाच्या झडपा आणि स्नायू पाहतो, सोनोग्राफी यकृत आणि पित्ताशयाची ठेवण पाहते, एंडोस्कोपी जखम शोधते. बिघाड रचनेत असेल तर या तपासण्या तो पकडतात, आणि त्या करून घ्यायलाच हव्यात. पण चिंतेत बिघडतं ते बरंचसं कामकाज: ठोक्यांची गती, श्वासाचा वेग, आतड्याच्या हालचालीची लय, स्नायूंचा ताण, झोपेची खोली. रचना ठीक आहे, एवढंच नॉर्मल रिपोर्ट सांगतो. त्यावरून "काहीही झालेलं नाही" असा निष्कर्ष काढणं तर्काला धरून नाही.

श्वासाचंच उदाहरण घ्या, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि तरी श्वास पुरत नाही म्हणतो. घरातलं ऑक्सिमीटर, जे कोविडपासून कपाटात पडून आहे, बोटाला लावतात. आकडा ९८ किंवा ९९. "बघ, ऑक्सिजन छान आहे, उगाच करतोस." पण ते यंत्र ऑक्सिजन मोजतं, कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. त्यामुळे रक्ताची आम्लता घटते आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं. मोकळं कॅल्शियम कमी झालं की नसा अतिसंवेदनशील होतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी हाताची बोटं आपोआप वाकडी होतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं, समोरचं धूसर दिसतं, आपण आपल्यात नाही असं वाटतं. यातली एकही गोष्ट कल्पनेतली नाही. प्रत्येकीमागे रसायन आहे. "तू नाटक करतेस" असं ज्या मुलीला त्या क्षणी ऐकवलं जातं, तिच्या रक्ताचा सामू त्या वेळी खरोखर बदललेला असतो.

पोटाचंही तसंच. ताणाच्या वेळी मेंदू जे संदेशद्रव्य सोडतो, त्याने जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाईला येतं. म्हणून परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी घास घशाखाली उतरत नाही आणि शौचाला मात्र तीनदा जावं लागतं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे, आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. अशा अवयवाने चिंतेला दाद दिली नाही तरच नवल.

यावर काही जण म्हणतात, बरं, धडधडतं, मुंग्या येतात, पण त्याने नुकसान काय होतं? थोड्या वेळाने सगळं जागेवर येतंच ना?

एका बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते ठासून सांगायला हवं: हृदय निरोगी असलेल्या माणसाला पॅनिक अटॅकमध्ये मरण येत असल्यासारखं वाटलं, तरी त्या झटक्याने तो मरत नाही. पण तीव्र भीती आणि वर्षानुवर्षांची चिंता निरुपद्रवी आहे, हे खरं नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला लॉस एंजलिस परिसरात नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या दिवशी तिथे हृदयविकाराने अचानक दगावलेल्यांची संख्या २४ होती. आधीच्या आठवड्यातली रोजची सरासरी ४.६. हे लोक ढिगाऱ्याखाली सापडले नव्हते. बहुतेकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीपासून खराब होत्या, आणि पुढच्या काही दिवसांत अशा मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा खाली गेली. म्हणजे जे काठावर होते त्यांना भीतीने ढकललं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक भागात हृदयाच्या तातडीच्या घटना अडीचपटीहून अधिक झाल्या. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी एक वेगळाच आजार नोंदवला: जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो, त्याचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव ताकोत्सुबो. रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. तरीही रुग्ण हार्ट अटॅकच्या सगळ्या खुणा घेऊन येतो. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या रक्तात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचं प्रमाण नेहमीच्या हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं.

भूकंप, विश्वचषक या मोठ्या घटना झाल्या. रोजच्या काळजीचं काय? २०१० मध्ये सुमारे अडीच लाख लोकांवरच्या वीस अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. चिंताग्रस्त लोकांमध्ये पुढे हृदयविकार होण्याचं प्रमाण २६ टक्के जास्त आढळलं. या आकड्याने चिंता हेच कारण असल्याचं सिद्ध होत नाही, पण तो "काही नुकसान नाही" म्हणणाऱ्यांच्या बाजूने नक्कीच नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांवरचा १९९८ चा प्रयोग आणखी थेट आहे. त्यांच्या टाळूला सुट्टीत एक साडेतीन मिलिमीटरची जखम केली, आणि परीक्षेच्या तीन दिवस आधी दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. एकाही विद्यार्थ्याची जखम सुट्टीइतक्या लवकर भरली नाही. जखम भरणं हे इच्छाशक्तीचं काम नाही आणि तिला कुणी टोमणाही मारू शकत नाही.

"आमच्या वेळी नव्हतं बुवा हे अँग्झायटी वगैरे. सगळी शहरी, श्रीमंत लोकांची थेरं." हा आक्षेप कानावर येतो तितका वरवरचा नाही. त्यामागे कष्टात दिवस काढलेल्या पिढीचा दुखावलेला अभिमान आहे. पण इतिहास त्याला साथ देत नाही. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार दिलेले आहेत, त्यातले दोन भयज आणि शोकज. म्हणजे भीतीने आणि दुःखाने होणारे जुलाब. तापाच्या कारणांतही भय आणि शोक आहेत. अमेरिकन यादवी युद्धातल्या शेकडो सैनिकांना काही दोष सापडत नसताना धडधड, छातीत दुखणं, दम लागणं असा त्रास होत होता. जेकब द कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये त्याची सविस्तर नोंद केली. ते सैनिक चैनीत वाढलेले नव्हते. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. "आमच्या वेळी" ते होतंच. पोटदुखी, भोवळ, अंगात येणं, बाहेरची बाधा अशा नावांनी त्याला घरात जागा होती.

खरा जोरदार आक्षेप दुसराच आहे, आणि तो डॉक्टरांकडून येतो. सगळं चिंतेवर ढकलण्याची सवय वैद्यकाला एकदा फार महागात पडली आहे. पोटातला अल्सर ताणामुळे आणि स्वभावामुळे होतो असं कित्येक दशकं शिकवलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्यावर विश्वास बसेना. १९८४ मध्ये मार्शलने तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे लाखो लोकांना प्रतिजैविकांची गरज होती आणि त्यांना मन शांत ठेवायचा सल्ला मिळत होता.

हा आक्षेप मान्य करायलाच हवा, पण तो "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांच्याच विरोधात जातो. थायरॉइड वाढलं की धडधड, हातांची थरथर, वजन घटणं, झोप उडणं हे सगळं चिंतेसारखंच दिसतं. रक्तक्षयात धाप लागते. हृदयाचे ठोके अचानक बेफाम होण्याचा एक आजार, ज्याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात, तो पॅनिक समजून वर्षानुवर्षं सोडून दिला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि त्यांत स्त्रिया जास्त आहेत. ज्या डॉक्टरला चिंता शरीरात नेमकी कशी उतरते हे ठाऊक आहे, तोच कुठलं लक्षण त्या चित्रात बसत नाही हे ओळखू शकतो. चिंतेला "काही नाही" समजणारा माणूस थायरॉइडलाही "काही नाही" म्हणून सोडून देतो. चिंता हे निदान आहे, बाकी काही सापडलं नाही म्हणून रुग्णाला ढकलून द्यायची जागा नाही.

शिवाय मनाकडून शरीराकडे जाणारा हा रस्ता एकेरी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत तीन जणांवर एक प्रयोग झाला. दुर्मीळ आजाराने त्यांच्या मेंदूतलं भीतीचं केंद्र, अमिग्डाला, दोन्ही बाजूंनी नष्ट झालेलं होतं. त्यांच्यातली एक बाई साप, कोळी, भुताचे सिनेमे कशालाच घाबरत नसे. या तिघांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली, आणि तिघांनाही पॅनिक अटॅक आला. ज्याला भीती म्हणजे फक्त विचार वाटतो, त्याने या तिघांचा विचार करावा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या साहाय्याने बाहेरून वाढवले, तेव्हा धोक्याच्या जागी ते उंदीर जास्त भेदरल्यासारखे वागू लागले. मन शरीराला घाबरवतं, आणि शरीरही मनाला घाबरवतं. "विचार करू नकोस" हा सल्ला म्हणूनच निकामी ठरतो: तो या वर्तुळाच्या फक्त अर्ध्या भागाशी बोलतो.

उपचारांतही हेच दिसतं. जेम्स ब्लॅकने १९६० च्या दशकात शोधलेलं प्रोप्रॅनोलॉल अॅड्रिनलिनला हृदयाच्या दारावर अडवतं. १९६६ मध्ये चिंतेच्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं तेव्हा धडधडीसारखा शारीरिक त्रास कमी झाला. नेमबाजी आणि तिरंदाजीत अशी औषधं बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत आहेत, कारण त्यांनी हाताची थरथर थांबते आणि नेम साधतो. दम्याच्या रुग्णाला तीच गोळी धोक्याची ठरू शकते, तेव्हा दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ती कुणी घेऊ नये. त्याहून जास्त धोका "झोपेची हलकी गोळी" म्हणून वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमचा आहे, तिची सवय लागते. मनाचे खेळ म्हणून घरी पाठवलेली माणसं बरेचदा तिच्याच आसऱ्याला जातात.

चिंतेवर सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या उपचारांपैकी एक शरीरातूनच जातो. १९८० च्या दशकापासून पॅनिकच्या रुग्णांना मानसोपचारात मुद्दाम जिने चढायला, खुर्चीत बसून गोल फिरायला, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात. धडधड, भोवळ, धाप सगळं येतं, आणि काही मिनिटांत जातं. असं पुन्हा पुन्हा झालं की रुग्णाचं शरीर त्या धडधडीला धोका समजणं सोडतं. आधी हृदय तपासून घ्यायचं, मग हे शिकवायचं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो शिकवणाऱ्याचा वेळ, आणि भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. म्हणून हे काम फॅमिली डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना शिकवावंच लागेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा देणं बंधनकारक केलं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, आणि तिथे फुकट बोलता येतं. हा क्रमांक ईसीजीच्या नॉर्मल रिपोर्टवर छापून रुग्णाच्या हातात द्यायला एकाही हॉस्पिटलला नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.